डॉक्टर, डिंपल आणि आपण



आज मालिकांवर बोलायचं आहे. शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या धास्तीने दिवेलागणीनंतर बायका बाहेर पडत नाहीत. दौंडकडे गाडीच्या वेळा सांभाळून माणसं घरी येतात, तोवर आठ वाजतात. मग जेवणं, भांडी, आणि टीव्ही. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत हिशोबाची वही उघडण्याआधी विषय निघतो तो रात्रीच्या भागाचा. त्यात एक वाक्य मी बऱ्याच जणींकडून ऐकलं आहे: ‘तो वाईट आहे हे कळतं गं, पण त्या दोघांचं जमतंय बघ!’

हे ‘जमणं’ म्हणजे काय, ते आज उलगडून बघू. मालिकावाले त्याला केमिस्ट्री म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, जोडी जमली. चौफुल्याच्या कलाकेंद्रांत किंवा कवठे यमाईच्या तमाशाच्या फडात सवाल-जवाब रंगायचे, तेव्हा बघणारा तेच म्हणायचा. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने खाली पडू द्यायचा नाही, आणि मधली क्षणभराची गप्प जागा दोघांनी मिळून सांभाळायची. टीव्हीवर नवीन आलं ते एवढंच, की कॅमेरा आपल्याला त्या दोघांच्या डोळ्यांजवळ नेऊन बसवतो.

उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं घेते. झी मराठीवर 2020 साली ‘देवमाणूस’ सुरू झाली. किरण गायकवाड यांचा डॉक्टर अजितकुमार देव. गावाला तो देवासारखा, प्रत्यक्षात बोगस डॉक्टर आणि खुनी. पाटलांच्या वाड्यात राहायला आलेला. वाड्यातली डिंपल, म्हणजे अस्मिता देशमुख, त्याच्यात गुंतली आणि पुढे त्याच्या कारस्थानांत सामील झाली. 2021च्या अखेरीला दुसरा भाग आला. आणि 2025 मध्ये ‘देवमाणूस – मधला अध्याय’.

अशा मालिकेतून निघालेल्या मालिकेला स्पिन-ऑफ म्हणतात. आपण ऊसवाल्या बायका, आपल्याला हे सोपं आहे. पहिली मालिका म्हणजे लागण. नवीन बेणं, नवीन सरी, सगळा खर्च. तोडणी झाल्यावर त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा, आणि त्यानंतरचा निडवा. बेण्याचा खर्च वाचतो, कारण मूळ जमिनीत रुजलेलं असतं. मालिकेचंही तसंच. नायक लोकांच्या ओळखीचा, नाव ओळखीचं, भीती ओळखीची. पण खोडव्याला वेळेवर खत दिलं नाही तर उतारा घटतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. या मालिकेत ते खत म्हणजे समोरची बाई. नायक तोच राहणार, त्याचं खरं रूप आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत. मग नवं काय? त्याच्यासमोर कोण उभी राहते आणि ती त्याच्याकडे कशी बघते, हे. म्हणून मधल्या अध्यायात तो गोपाळ झाला, त्याच्या जोडीला लाली आली, आणि लगेच घरोघरी तुलना सुरू झाली. डिंपलसारखं जमतंय की नाही जमत?

मधल्या अध्यायात त्याला शिंपी केलंय, ते मला फार हुशारीचं वाटलं. विचार करा, गावात परक्या पुरुषाला बाईच्या जवळ उभं राहायची मुभा कुणाला असते? डॉक्टरला, टेलरला आणि कासाराला. एक नाडी बघतो, एक माप घेतो, एक हात धरून बांगडी चढवतो. त्या जवळिकीला कुणी नाव ठेवत नाही, कारण ते काम आहे. लेखकाने बरोबर तीच फट शोधली आहे. जवळ येण्यासाठी वेगळा प्रसंग रचावाच लागत नाही.

आता मुख्य प्रश्न. तो खुनी आहे हे माहीत असताना आपल्याला त्यांची जोडी का आवडते? काही जणींना याची लाज वाटते. लाज वाटायचं कारण नाही, पण यामागचं यंत्र समजून घेतलेलं बरं.

1974 साली कॅनडात दोन मानसशास्त्रज्ञांनी, डटन आणि अ‍ॅरन यांनी, एक प्रयोग केला. एका खोल दरीवर झुलता पूल आहे, सुमारे सत्तर मीटर उंचीवर, चालताना हलणारा. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एक मुलगी भेटायची, काही प्रश्न विचारायची आणि आपला फोन नंबर द्यायची. असंच दुसऱ्या एका पक्क्या, बुटक्या पुलावरही केलं. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या अठरा जणांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. पक्क्या पुलावरच्या सोळांपैकी फक्त दोघांनी. त्यांनी अर्थ असा लावला, की छाती धडधडत होती पुलाच्या भीतीने, पण समोर मुलगी असल्याने मनाने तिचा हिशोब मुलीच्या नावावर लिहिला.

गुन्ह्याच्या मालिकेत आपण रोज अर्धा तास त्या झुलत्या पुलावर असतो. साध्या कौटुंबिक मालिकेत नायकाने नायिकेचा हात धरला तर तो फक्त हात धरणं असतं. इथे त्याने हात धरला की आपल्या मनात दोन गोष्टी एकदम उठतात, हा प्रेम करतोय की गळा धरणार? त्या एका नजरेला दुप्पट वजन येतं. त्यात संगीत मिसळतं, तोच चेहरा तीनदा जवळून दाखवतात, भाग नेमका तिथेच तोडतात. धडधड भीतीची असते, आणि आपण म्हणतो, काय जोडी आहे!

केमिस्ट्री म्हणजे फक्त प्रेमाचीच असते असंही नाही हं. ‘सीआयडी’ आठवा. 1998 पासून चाललेली, शिवाजी साटमांच्या एसीपी प्रद्युम्नची. तिथे अभिजीत आणि डॉ. तारिकाचं गोड काहीतरी होतं, पण लोकांचा खरा जीव दया आणि अभिजीतच्या दोस्तीत. 2024च्या डिसेंबरात मालिका परतली ती त्याच दोघांना एकमेकांसमोर उभं करून, कारण दुखरी नस तीच. 2025च्या एप्रिलमध्ये प्रद्युम्न मेल्याचं दाखवल्यावर लोक इतके चिडले, की पुढे त्यांना परत यावं लागलं. मात्र तिथली माणसं एकमेकांशी खोटं वागत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जीव लावताना आपल्याला काही टोचत नाही. देवमाणूस टोचतो.

आणि टोचायलाच हवा, कारण ते बियाणं कुठून आलं ते आपल्याला माहीत आहे. 2016च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या वाई तालुक्यात स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एकाला पोलिसांनी पकडलं. सहा जणांच्या खुनाचा आरोप, त्यातल्या पाच बायका. वाई आपल्यापासून लांब नाही. त्या बायका मूर्ख नव्हत्या. गावात मान असलेल्या माणसावर त्यांनी विश्वास ठेवला, जसा तुम्ही-मी रोज ठेवतो.

मालिका आणि ती घटना यांत माझ्या मते सर्वांत मोठा फरक कोणता, तर मालिकेत आपल्याला सगळं माहीत असतं. तो औषधाची सुई भरतो ते कॅमेरा दाखवतो. त्या बायकांना कुणी दाखवलं नाही. खऱ्या आयुष्यात मागे संगीत वाजत नाही. दिसतं ते एवढंच, की हा माणूस आपलं ऐकून घेतो. नवरा ऐकत नाही, सासू ऐकत नाही, हा मात्र गुडघेदुखीपासून मुलीच्या लग्नाच्या काळजीपर्यंत सगळं ऐकतो. डॉक्टर देवचं हत्यार सुई नव्हतंच, त्याचं ऐकणं होतं. डिंपलशी तो असाच बोलायचा, आणि आपल्यालाही तेच आवडलं.

म्हणून न्हावऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्यांची नववीतली मुलगी म्हणते, असा नवरा पाहिजे, डिंपलसाठी काहीही करणारा. ताई म्हणाल्या, टीव्ही बंद करू का? मी म्हटलं, बंद करून ती मोबाईलवर बघेल. शेजारी बसून बघा आणि मध्येच विचारा: तो हे कुणाला सांगू नको असं का म्हणाला? दागिने त्याच्याकडे का ठेवायचे? मैत्रिणीकडे जाऊ नको म्हणाला, ते प्रेम झालं का? मुली हुशार असतात, दोन-तीन भागांत त्याच आधी ओळखायला लागतात. सरू आजीला वाड्यात कुणी मोजत नव्हतं, तरी तिला वास आलाच होता ना!

डॉक्टरांबद्दल एक कामाची गोष्ट. आपल्या राज्यात डॉक्टरला परिषदेकडे नोंदणी लागते. अ‍ॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. दवाखान्यात गेल्यावर नोंदणी क्रमांक विचारणं हा अपमान नाही, खरा डॉक्टर तो लगेच सांगतो. शंका असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. आणि कुणी घाबरवत असेल, दागिन्या-पैशासाठी अडवत असेल, तर महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 हे नंबर मोबाईलमध्ये नाव बदलून साठवा, ‘पिठाची गिरणी’ म्हणून साठवले तरी चालतील.

आज रात्री एक गंमत करून बघा. दोघं समोरासमोर येतात तो प्रसंग आला की टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त तिचा चेहरा बघा, त्याचा नाही. ती कधी मागे सरकते, कधी नजर काढून घेते, कधी हसताना ओठ हसतात आणि डोळे नाही, हे मोजा. शेजारी मुलगी असेल तर तिलाही मोजू द्या, आणि तुमचे आकडे जुळतात का ते बघा.