तारा मोजावा कसा?
(स्पंदमान ताऱ्यांच्या तेजस्वितेची मोजणी)

एखाद्याच्या स्थिर पदाविषयी बोलताना आपण 'ध्रुवासारखा अढळ' असे म्हणतो. इतर तारे रात्रभर फिरतात आणि ध्रुव जवळजवळ जागच्या जागी राहतो, हे खरेच आहे. पण या अढळ ताऱ्याचा प्रकाश मात्र अढळ नाही. सुमारे चार दिवसांत एकदा तो किंचित वाढतो आणि किंचित घटतो. हा फरक इतका अल्प असतो की नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. त्यासाठी उपकरणच लागते. ध्रुव हा स्पंदमान तारा आहे. लोहाराच्या भात्याप्रमाणे तो फुगतो आणि आकसतो.

ज्या ताऱ्यांचा प्रकाश कमी-जास्त होतो त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. काहींच्या बाबतीत जोडीदार तारा आड येतो आणि ग्रहण लागल्यासारखा प्रकाश कमी होतो. स्पंदमान ताऱ्यांचे तसे नाही. त्यांच्यातील बदल त्यांच्या स्वतःच्या पोटातून येतो. हा बदल कसा मोजतात, त्या मोजणीतून मानवाच्या हाती काय आले, आणि आपल्या वस्तीतील विद्यार्थ्याला घराच्या गच्चीवरून ही मोजणी कशी करता येईल, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. यातील गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही.

दोन मित्र, दोन तारे

इंग्लंडमधील यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा तरुण राहत होता. लहानपणीच्या आजाराने त्याला बहिरेपण आले होते. एडवर्ड पिगॉट हा त्याचा मित्र व शेजारी. दोघांनाही आकाशाचा नाद. सन १७८४ च्या सप्टेंबरात पिगॉटला गरुड तारकासमूहातील 'ईटा' हा तारा बदलताना आढळला. पुढच्याच महिन्यात गुडरिकने वृषपर्वा समूहातील 'डेल्टा' ताऱ्याचा बदल टिपला. या दुसऱ्या ताऱ्याच्या समूहाचे पाश्चात्त्य नाव सेफियस. म्हणून अशा सर्व ताऱ्यांना पुढे 'सेफीड' हे नाव पडले.

गुडरिकजवळ मोजणीचे कोणतेही यंत्र नव्हते. शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तो आपल्या ताऱ्याची तुलना करी आणि कोण अधिक तेजस्वी, कोण कमी, हे रोज लिहून ठेवी. एवढ्यावरून त्याने काढलेला आवर्तकाल आजच्या ५ दिवस ८ तास ४८ मिनिटांच्या अगदी जवळ होता. १७८६ मध्ये वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी तो वारला.

'प्रत' म्हणजे काय?

ताऱ्याच्या तेजाचे माप 'प्रत' या संज्ञेने सांगतात. येथे नवशिक्याचा गोंधळ होतो, कारण आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, तर सहाव्या प्रतीचा तारा काळोख्या रात्री डोळ्यांना जेमतेम दिसणारा. नॉर्मन पॉगसन या खगोलवेत्त्याने १८५६ मध्ये या मापाला नेमके गणिती रूप दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट तेज. अर्थात एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पट. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख म्हणून आले. त्यांचे तेथील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी १८६७ मध्ये 'आर रेटिक्युली' हा रूपविकारी तारा शोधून काढला.

डेल्टा तारा ३.५ प्रतीपासून ४.४ प्रतीपर्यंत बदलतो. म्हणजे त्याचे तेज सव्वादोन पटींहून थोडे अधिक कमी-जास्त होते. तिमिंगल समूहातील 'मीरा' या ताऱ्याची तऱ्हा याहून न्यारी. तो सुमारे ३३२ दिवसांत साधारण तिसऱ्या प्रतीवरून नवव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. काही महिने डोळ्यांना दिसणारा हा तारा एरवी दुर्बिणीशिवाय सापडतच नाही.

प्रत्यक्ष मोजणी

आरंभ करण्यासाठी पिगॉटचा ईटा तारा उत्तम. पावसाळा सरला की ऑक्टोबरात संध्याकाळी तो आपल्या आकाशात चांगला उंच असतो. प्रथम गरुडातील ठळक श्रवण तारा ओळखावा. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक तारा असून तिघे जवळजवळ एका रेषेत आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडचा, मंद तो 'बीटा'. त्याची प्रत ३.७. तीच रेषा दक्षिणेकडे वाढवली की 'थीटा' लागतो. त्याची प्रत ३.२. थीटापासून पश्चिमेकडे जाताना आधी आपला ईटा आणि मग ३.४ प्रतीचा 'डेल्टा' येतो. (हा डेल्टा गरुडातला, गुडरिकचा नव्हे.) ईटाच्या नैर्ऋत्येस 'आयोटा' आहे, त्याची प्रत ४.४. ईटा स्वतः ३.५ ते ४.४ यांच्या दरम्यान फिरतो. म्हणजे मोजपट्टीच्या खुणा निसर्गाने त्याच्या भोवतीच मांडून ठेवल्या आहेत.

समजा, एका रात्री ईटा हा बीटाहून मंद पण आयोटाहून तेजस्वी दिसला. बीटा आणि आयोटा यांच्यातील फरकाचे मनाने दहा भाग करावेत. ईटा बीटापासून चार भाग खाली आहे असे वाटले, तर दोहोंमधील फरक ०.७ प्रतीचा, त्याचे चार-दशांश ०.२८. ते ३.७ मध्ये मिळवले की ३.९८ येतात. वहीत ४.० लिहावे आणि त्यापुढे तारीख, वेळ व तुलनेसाठी घेतलेले तारे नोंदवावेत. सरावाने डोळ्याचा अंदाज एक-दोन दशांश प्रतीपर्यंत बरोबर येतो.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. अंधारात वीस मिनिटे थांबल्याशिवाय डोळे तयार होत नाहीत. ताऱ्यांची तुलना शक्यतो सारख्याच उंचीवर करावी, कारण क्षितिजालगतचा तारा हवेमुळे मंद दिसतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये; टक लावली की तो वास्तवाहून अधिक तेजस्वी भासू लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कालची नोंद पाहून आजची नोंद करू नये. 'आज तारा वाढायला हवा' असे मनात आले की डोळ्यांनाही तो वाढलेला दिसतो. आपल्याला काय दिसायला हवे होते ते लिहिले तर ती मोजणी राहत नाही. जे दिसले तेच लिहावे.

नोंदींतून आलेख

ईटाचा आवर्तकाल ७ दिवस ४ तास १४ मिनिटे, म्हणजे ७.१७७ दिवस आहे. आपण रोज रात्री आठ वाजता पाहिले, तर एका आठवड्यात तारा मागच्याच स्थितीत सापडत नाही. तो चार तास मागे असतो. त्यामुळे दर आठवड्याला त्याच्या चक्रातला थोडा वेगळा भाग आपल्यासमोर येतो. ही अडचण नव्हे, सोयच आहे.

पहिल्या नोंदीपासून किती दिवस झाले ते लिहावे आणि त्यातून ७.१७७ जितक्या वेळा वजा होतील तितक्या वेळा करावेत. उदाहरणार्थ, तिसाव्या दिवसातून चार आवर्तने (२८.७१ दिवस) वजा केली की १.२९ दिवस उरतात. तीच त्या नोंदीची चक्रातील जागा. छत्तिसाव्या दिवशी बाकी फक्त ०.११ दिवस उरते. म्हणजे तारा जवळजवळ पहिल्या रात्रीच्याच स्थितीत असतो. अशा सर्व नोंदी आलेख-कागदावर मांडल्या की विखुरलेल्या ठिपक्यांतून एक वक्र उमटतो. चढण भराभर होते, उतरण सावकाश. हाच ताऱ्याचा प्रकाशवक्र.

तारा फुगतो कशामुळे?

भाताच्या पातेल्यावरचे झाकण आठवा. वाफ कोंडली की झाकण उचलले जाते, वाफ निसटली की ते खाली बसते, आणि पुन्हा वाफ कोंडते. सेफीड ताऱ्याच्या बाह्य भागात हेलियम वायूचा एक थर झाकणाचे काम करतो. हा थर दाबला गेला की हेलियमच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटतात व थर अपारदर्शक होतो. आतली उष्णता अडते, दाब वाढतो आणि तारा फुगतो. फुगल्यावर थर निवतो, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना मिळतात, उष्णतेला वाट मिळते व तारा आकसतो. विशेष असे की, तारा सर्वांत मोठा असतो तेव्हा तो सर्वांत तेजस्वी नसतो. तेजातील बदल मुख्यतः तापमानातील बदलाचा असतो.

विश्वाची फूटपट्टी

ही मोजणी केवळ हौसेची राहिली नाही, याचे श्रेय हेन्रिएटा लेविट या स्त्रीला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत त्या काचेवरील छायाचित्रे तपासण्याचे काम तासाला तीस सेंट मजुरीवर करीत. त्यांनाही ऐकू येत नसे. लहान मॅगेलन मेघ नावाच्या तारकापुंजातील २५ सेफीडांचा अभ्यास करून १९१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, ज्याचा आवर्तकाल लांब तो तारा अधिक तेजस्वी. हे सर्व तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने, दिसण्यातला फरक हा खऱ्या तेजातला फरक होता.

याचा अर्थ फार मोठा आहे. आवर्तकाल मोजला की ताऱ्याचे खरे तेज कळते. खरे तेज आणि दिसणारे तेज यांची तुलना केली की अंतर कळते. एकाच आवर्तकालाच्या दोन सेफीडांपैकी एक शंभर पट मंद दिसत असेल, तर तो दहा पट दूर आहे. हीच पट्टी घेऊन एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानी समूहातील तेजोमेघात सेफीड शोधला आणि तो मेघ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले. त्यांनी काढलेले अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे होते. सेफीड दोन प्रकारचे असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवल्यावर ते दुपटीहून अधिक वाढले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

हा प्रश्न आजही मिटलेला नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग सेफीडांच्या पट्टीने काढला तर दर मेगापार्सेकला सेकंदास सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून काढला तर तो सुमारे ६७ येतो. यात चूक मोजणीत आहे की आपल्या सिद्धांतात, यावर जगभर संशोधन चालू आहे.

जेसोरचे राधागोविंद

'हे सारे मोठ्या वेधशाळांचे काम, आपले काय?' असे ज्यांना वाटत असेल त्यांनी राधागोविंद चंद्र यांचे चरित्र ध्यानात घ्यावे. अखंड बंगालातील जेसोर येथे (आज बांगलादेशात) ते सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करीत. शालान्त परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नव्हती. दिवसा नोकरी आणि रात्री तारे, असा त्यांचा क्रम होता. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संघटना १९११ मध्ये स्थापन झाली होती. तिच्याकडे त्यांनी १९१९ ते १९५४ या काळात ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्यांचे काम पाहून त्या संघटनेने सहा इंची दुर्बीण समुद्रापार धाडली. पुढे ती दुर्बीण वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. नोंद पाठवणाऱ्याची पदवी कोणी विचारली नाही. नोंद खरी आहे की नाही, एवढेच पाहिले गेले.

आज प्रकाशविद्युत्‌मापक आणि इलेक्ट्रॉनिक कॅमेरे प्रतीच्या शतांशापर्यंत व त्याहूनही सूक्ष्म मोजणी करतात. तरीही डोळ्यांनी केलेल्या नोंदी त्या संघटनेत आजही स्वीकारल्या जातात. २०१९ च्या अखेरीस मृग नक्षत्रातील तांबडा काक्षी तारा एकाएकी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ प्रतीपर्यंत उतरला. तेव्हा गच्चीवर उभ्या असलेल्या सामान्य माणसालाही तो फरक दिसत होता. मात्र त्याआधी ज्याने तो तारा नीट पाहून ठेवला होता, त्यालाच तो ओळखता आला.

एकट्याच्या अंदाजात चूक राहते. पण दहा जणांनी स्वतंत्रपणे नोंद केली आणि तिची सरासरी काढली की ती पुष्कळ कमी होते. म्हणून सभासदांनी व विद्यार्थ्यांनी हा उपक्रम मिळून करावा, अशी आमची विनंती आहे. महिन्यातील काळोख्या रात्री निवडाव्यात. प्रत्येकाने आपला आकडा आधी चिठ्ठीवर लिहावा व मगच बोलावे. मोठ्यांचा आकडा ऐकून लहानांनी आपला बदलू नये. शंभर पानी वही, पेन्सिल, तांबडा कागद लावलेली बॅटरी आणि दीड महिन्याची चिकाटी, एवढाच खर्च. दीड महिन्याने आलेखावर जो वक्र उमटेल तो कोणाच्या पुस्तकातून उतरवलेला नसेल. तो आपल्या मुला-मुलींनी स्वतः मोजलेला असेल.