रिपोर्ट नॉर्मल, अंग मात्र ठणकतंय

मानेच्या मुळाशी अंगठा टेकवायचा आणि स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं. हा दाब साधारण ४ किलोचा होतो. निरोगी माणसाला तो नुसता दाब वाटतो, काहींना मात्र तेवढ्यानंच डोळ्यांत पाणी येतं. १९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं अंगावर असे १८ बिंदू ठरवून दिले: मानेमागे, खांद्यावर, दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराच्या बाहेरच्या अंगाला, कुल्ल्यावर, गुडघ्याच्या आतल्या बाजूला. सगळ्या अंगात तीन महिन्यांहून जास्त दुखणं आणि या १८ पैकी किमान ११ बिंदू दुखरे, म्हणजे फायब्रोमायाल्जिया. २०१० साली अंगठ्याची सक्ती गेली आणि प्रश्न आले. शरीराच्या १९ भागांपैकी कुठं कुठं दुखतं? थकवा किती? झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? बोलता बोलता विसरायला होतं का?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दवाखान्यांत हे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तरं येतात. 'सगळं अंग ठेचून काढल्यागत झालंय', 'वात भरलाय', 'झोपले तरी झोपल्यासारखं वाटत नाही.' १८९५ साली शाहू महाराजांच्या काळात गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसली. पुढं गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, पण रेल्वे स्टेशन आणि सीबीएस स्टँड हाकेच्या अंतरावर राहिले. त्यामुळं गडहिंग्लज, गारगोटी, निपाणीकडून एसटीनं उतरलेला पेशंट चालत दवाखाना गाठतो. हातातल्या पिशवीत जुन्या फायली असतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह, ईएसआर ठीक, एक्स-रे स्वच्छ. 'काही नाही, टेन्शन घेऊ नका' असं ऐकून आलेली बाई, कारण यात बायका जास्त, शेवटी वैद्यांच्या पायरीवर येते.

तिला काही नाही, हे खरं नाही. बिघाड सांध्यात सापडत नाही, कारण तो मज्जासंस्थेत आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ध्वनियंत्रणेच्या आवाजाचं बटण कुणी शेवटपर्यंत फिरवून ठेवावं, म्हणजे गायक कुजबुजला तरी खिडकीची तावदानं हादरतात, तसं मेंदू आणि मज्जारज्जूत वेदनेचं झालेलं असतं. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की सतत माऱ्यानंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होऊन बसतात. २००२ साली ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांचा अंगठा दाबत मेंदूचं एफएमआरआय केलं, तेव्हा निरोगी माणसापेक्षा कितीतरी कमी दाबाला वेदनेची तीच केंद्रं उजळली. अशा रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात 'सबस्टन्स पी' हे वेदनेचा निरोप नेणारं रसायन सुमारे तिपटीनं वाढलेलं आढळलं. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेनं २०१७ साली या प्रकारच्या दुखण्याला 'नोसिप्लास्टिक' हे वेगळं खातं उघडून दिलं. बाईचं म्हणणं खरं होतं, हे कागदावर यायला एवढा काळ लागला.

आता आयुर्वेदाकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात औषधींचे ५० गट दिले आहेत, प्रत्येकात १० वनस्पती. त्यांत 'वेदनास्थापन' नावाचा गट आहे आणि त्याहून निराळा 'अंगमर्दप्रशमन', म्हणजे अंग मोडून येणं शमवणारा. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, एरंड, काकोली, चंदन, वाळा, वेलची, ज्येष्ठमध अशी त्याची यादी. एका जागी टोचणारी कळ आणि अंगभर पसरलेला ठणका यांना वेगळी औषधं लागतील, असं ज्याला वाटलं त्यानं रुग्ण नीट पाहिले होते. म्हणून चरकांना फायब्रोमायाल्जिया माहीत होता असं कुणी म्हणू लागलं, तर मात्र मी त्या सभेतून उठून जाईन.

कारण वैद्यांमध्येही या दुखण्याच्या नावावर एकमत नाही. कुणी ते वातव्याधीत घालतो, कुणी आमवातात. हा वाद वरवर पुस्तकी वाटतो, पण त्यावरच उपचार ठरतो. वातव्याधी म्हटलं की तेल आलं: कोमट महानारायण तेलाचा अभ्यंग, मग शेक, मग बस्ती. आमवात म्हटलं की तेल वर्ज्य. तिथं कोरडा शेक, तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. आमवाताचं वर्णन आजच्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी बरंच जुळतं, आणि सुजलेला, तापलेला सांधा चोळू नये हे आजचा फिजिओथेरपिस्टही सांगेल. तेव्हा निदान आधी, तेलाची वाटी नंतर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्याही त्याआधीच. यांतल्या कशाचीही कमतरता हुबेहूब असंच अंग दुखवते, आणि ती भरून काढली की पुढचा सगळा खर्च वाचतो.

वातव्याधीत देतात तो पोटली शेक कसा करतात ते पाहण्यासारखं असतं. निरगुडी, एरंड, रुईची पानं बारीक चिरतात, लिंबाच्या फोडी आणि खवलेलं खोबरं घालून तेलावर परततात. पानांचा हिरवा रंग जाऊन खमंग वास सुटला की ते सगळं सुती फडक्यात बांधायचं. एक पोटली तव्यावर तापत असते, दुसरी पाठीवर फिरत असते. लावण्याआधी शेकणारी बाई ती स्वतःच्या मनगटावर टेकवून बघते. आडव्या पडलेल्या रुग्णाला तासभर कुणी 'लवकर सांगा, बाहेर रांग आहे' म्हणत नाही.

या तासात शरीरात काय होत असावं? आपल्या त्वचेत काही मंद मज्जातंतू असे आहेत, की ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं फिरणाऱ्या हळुवार स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. तो निरोप मेंदूच्या भावनेशी जोडलेल्या भागात पोचतो. स्पर्शानं वेदनेची वाट अडते, हा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ सालीच मांडला होता. उबेनं स्नायू सैलावतात. एवढ्यावरून अभ्यंगाचं कोडं सुटलं असं होत नाही, पण तालमीत पैलवानाला रगडतात तसं मर्दन या रुग्णाला का सोसत नाही आणि संथ हात का सोसतो, याचा अंदाज येतो.

पुरावा हवाच, आणि तो गोळा करता येतो हे महाराष्ट्रानंच दाखवलं आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवणमध्ये घरोघरी जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी सुरू केली. पुष्कळांचं दुखणं कुठल्याही ठरावीक सांधेविकाराच्या चौकटीत बसत नव्हतं. पुढं त्यांच्याच पुढाकारानं गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर चाचणी झाली. सुंठ, गुळवेल वगैरेंची मिश्रणं एका बाजूला, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. कोण काय घेतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०१३ साली निकाल छापून आला. २४ आठवड्यांत वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक मिश्रणं आधुनिक औषधांच्या तोडीची ठरली. त्याच निबंधात, आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या ७ जणांत यकृताचं एसजीपीटी वाढलं आणि औषध थांबवल्यावर उतरलं, हेही नोंदवलेलं आहे. मला या चाचणीचा विश्वास वाटतो तो या दुसऱ्या वाक्यामुळं.

पण ही चाचणी गुडघ्याची. सगळ्या अंगाच्या दुखण्यावर आयुर्वेदिक औषधांचा याच तोडीचा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. शिवाय गोळी झाकता येते, तेलाचा हात कसा झाकणार? चोळून घेतलं की नाही हे रुग्णाला कळतंच, आणि या आजारात नुसत्या आशेनंही बराच फरक पडतो. आधुनिक औषधांचीही फार ऐट नाही. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन काहींना चांगली लागू पडतात, पुष्कळांना गुंगी आणि वाढलेलं वजन देऊन जातात.

काढे-गोळ्यांच्या बाबतीत मात्र 'झाडपाल्याचं आहे, अपाय कशाला होईल' हे वाक्य विसरलेलं बरं. करोनाच्या पहिल्या वर्षी मुंबईत गुळवेलीचा मारा केलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही, वाद झाला. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि ज्या बिननावाच्या पुडीनं दुसऱ्याच दिवशी अंग हलकं होतं, तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. वनस्पती सहसा इतक्या घाईत काम करत नाहीत.

माझं मत विचाराल तर, या आजारात आयुर्वेदाचं बळ बाटलीत कमी आणि दिनचर्येत जास्त आहे. १९७५ साली संशोधक मोल्डोफ्स्की यांनी धडधाकट विद्यार्थ्यांची गाढ झोप रात्रभर मोडत ठेवली. काही दिवसांत त्यांचंही अंग दुखू लागलं, दाबलं की बिंदू दुखरे झाले. अशा रुग्णाला वैद्य पहिल्या भेटीत झोप, भूक, पोट, जेवणाची वेळ विचारतो, ते उगाच नाही. ठरल्या वेळी निजणं, निजण्याआधी तळपायाला तेल, रात्रीचं हलकं जेवण याला खर्च जवळजवळ नाही.

आणि व्यायाम. युरोपीय संधिवात संघटनेनं २०१६ साली सगळे उपचार तपासून ठाम शिफारस एकाचीच केली, ती व्यायामाची. अमेरिकेत २०१० साली ५३ बायकांवर झालेल्या चाचणीत ८ आठवड्यांच्या योगवर्गानं दुखणं आणि थकवा दोन्ही कमी झाले. आयुर्वेदाचे ग्रंथकार वाग्भट यांनी व्यायामाला मर्यादा घातली आहे ती अर्ध्या शक्तीची, आणि या रुग्णांना आज फिजिओथेरपिस्ट जे सांगतात ते याच्या जवळच जातं. पाच-दहा मिनिटांचं चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवत. बरं वाटतंय म्हणून पहिल्याच दिवशी अख्ख्या रंकाळा तलावाला फेरी मारली, की पुढचे तीन दिवस अंथरूण धरावं लागतं.

अडचण एवढीच, की हळूहळू सुरू केलं तरी पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढतं, आणि बऱ्याच जणी तिथंच सोडून देतात. दर आठवड्याला कोमट तेलासाठी शाहूपुरीची एसटी धरणारी बाई टिकण्याची शक्यता मला जास्त वाटते. शेकणारी तिला विचारतेच, 'या आठवड्यात किती चाललात?'