वृक्षवासी टॅरंटुलासाठी योग्य पेटीची रचना : शिवाजी पेठ, कोल्हापूर येथील परिस्थितीच्या संदर्भात

प्रस्तावना :

थेराफोसिडी कुळातील मोठ्या, केसाळ कोळ्यांना सर्वसाधारणपणे 'टॅरंटुला' असे म्हटले जाते. हे कोळी चक्राकार जाळे विणून भक्ष्य पकडत नाहीत. दबा धरून झडप घालतात. त्यांतील बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करून राहतात, तर काही जाती झाडांच्या ढोलीत व सुटलेल्या सालीमागे राहतात. या दुसऱ्या गटास वृक्षवासी टॅरंटुला म्हणतात. पोएसिलोथेरिया ही वृक्षवासी प्रजाती केवळ भारत व श्रीलंका या दोन देशांत आढळते. आर. आय. पोकॉक यांनी १८९९ साली वर्णिलेली पोएसिलोथेरिया रेगॅलिस ही तिची जाती पश्चिम घाटातही आहे. त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या कोल्हापुरात हा विषय केवळ परदेशी छंदाचा राहत नाही.

उद्दिष्टे :

१. वृक्षवासी टॅरंटुलाच्या सवयी व पेटीची रचना यांचा संबंध स्पष्ट करणे.
२. शिवाजी पेठेतील हवामान व घरे लक्षात घेऊन घ्यावयाची काळजी सांगणे.
३. अशा पालनाची कायदेशीर व संवर्धनविषयक मर्यादा मांडणे.

पेटीची रचना :

पेटी म्हणजे ढोलीची प्रतिकृती होय. ढोलीत तीन गोष्टी एकत्र असतात : उभी जागा, काळोख आणि खेळती हवा. पेटीतील बहुतेक चुका यांपैकी एकीचा विसर पडल्याने होतात.

पाय पसरलेल्या अवस्थेत पूर्ण वाढलेली मादी १५ सेंमी किंवा त्याहून अधिक भरते. तिच्यासाठी सुमारे ३० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ४० ते ४५ सेंमी उंच पेटी पुरेशी होते. माशांची आडवी काचपेटी तशीच वापरल्यास तळाची जागा वाया जाते व चढण्यास उंची मिळत नाही. पिलास मात्र लहान डबीतच ठेवावे. मोठ्या पेटीत त्याला भक्ष्य सापडत नाही आणि त्याचे निरीक्षणही करता येत नाही.

पेटीत सालीचा पोकळ तुकडा किंवा रुंद बांबूचे नळकांडे उभे, किंचित तिरके टेकवावे व ते पक्के बसवावे. बाजारातील बांबूवर पुष्कळदा कीडनाशक मारलेले असते, म्हणून त्याची खात्री करून घ्यावी. तळाशी नारळाच्या भुशाचा चार-पाच सेंमी थर द्यावा. एका कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी असावी.

हवेची छिद्रे समोरासमोरच्या दोन बाजूंना, एक खाली व एक वर अशी असावीत. केवळ झाकणाला छिद्रे असल्यास तळाची दमट हवा कोंडून राहते व बुरशी धरते. दक्षिण अमेरिकेतील ॲव्हिक्युलेरिया प्रजातीचे कोळी कोंदट पेटीत दगावतात, हा पालकांचा नेहमीचा अनुभव आहे. धातूच्या जाळीत पायाची नखे अडकतात; त्याऐवजी बारीक भोके पाडलेला ॲक्रिलिकचा पत्रा अधिक सुरक्षित ठरतो. हा कोळी आपले रेशमी आवरण वरच्या भागात विणतो. झाकण वर असल्यास ते उघडताना घरच मोडते, म्हणून दार समोरून असावे.

स्थानिक परिस्थिती :

शिवाजी पेठ हा कोल्हापूरचा जुना, दाट वस्तीचा भाग असून रंकाळा तलाव तेथून जवळ आहे. जून ते सप्टेंबर या काळात हवेतच पुरेशी आर्द्रता असते. तेव्हा पेटीत पाणी शिंपडणे बंद करून फक्त वाटी भरलेली ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ३७-३८ अंशांच्या आसपास जाते. त्या काळात पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून व पत्र्याच्या छतापासून दूर ठेवावी आणि तळाचा एक कोपरा ओलसर राखावा. २४ ते २८ अंश तापमान योग्य असल्याने कृत्रिम उष्णतेची गरज येथे सहसा भासत नाही.

डासांसाठी लावली जाणारी अगरबत्ती, वडी व द्रवरूप औषधे यांत पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने असतात. ती संधिपाद प्राण्यांना घातक असल्याने पेटीच्या खोलीत त्यांचा वापर अजिबात करू नये. जुन्या घरांतील वाळवीच्या औषधफवारणीच्या वेळी व धूरफवारणीच्या वेळी पेटी अन्यत्र हलवावी.

सुरक्षितता :

पोएसिलोथेरिया अत्यंत चपळ आहे. अमेरिकेतील अनेक टॅरंटुलांप्रमाणे तिच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात. बचावासाठी ती चावते. तिच्या दंशाने तीव्र वेदना व स्नायूंत पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. म्हणून दारास कुलूप असावे, हाताळणी टाळावी व साफसफाईसाठी लांब चिमटा वापरावा. कात टाकण्याच्या काळात खाद्य देऊ नये. न खाल्लेले झुरळ वा नाकतोडा पेटीतून काढून टाकावा, कारण मऊ पडलेल्या कोळ्यास ते इजा करू शकतात.

कायदा व संवर्धन :

१८९९ साली पोकॉक यांनीच वर्णिलेली गुटी येथील निळी पोएसिलोथेरिया मेटॅलिका त्यानंतर १०२ वर्षे कोणाच्या नोंदीत आली नाही. २००१ साली ती पूर्व घाटात पुन्हा आढळली. आज ती अतिसंकटग्रस्त असून अधिवासाचा ऱ्हास व पाळीव प्राण्यांचा व्यापार ही त्याची कारणे सांगितली जातात. २०१९ साली संपूर्ण पोएसिलोथेरिया प्रजाती सायटीस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये समाविष्ट झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून, या करारातील प्राणी बाळगणाऱ्यास त्याची माहिती देऊन नोंदणी करणे बंधनकारक आहे.

यावरून सह्याद्रीतील झाडावरून कोळी काढून आणणे हा पेटीचा प्रारंभ असू शकत नाही. प्रौढ माद्या सावकाश वाढतात व वर्षानुवर्षे एकाच ढोलीत राहतात. एक मादी नेली तर त्या झाडावरील पुढची पिढीच थांबू शकते.

समारोप :

योग्य पेटी म्हणजे उंची, काळोख, खेळती हवा व बेताचा ओलावा यांचा मेळ होय. ज्यांच्याकडे बंदिस्त प्रजननातील, रीतसर नोंद असलेला कोळी आहे त्यांनी ही काळजी घ्यावी. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांना मात्र जिवंत प्राण्याविनाही हा विषय शिकविता येईल : रिकामी पेटी उभारून विद्यार्थ्यांना त्यातील तापमान व आर्द्रतेच्या नोंदी वर्षभर घेण्यास सांगावे आणि राधानगरी परिसरातील जुन्या झाडांच्या ढोलींशी, कोळ्यास न छेडता, त्यांची तुलना करावी. ढोली असलेले जुने झाड न तोडणे हेच स्थानिक वृक्षवासी कोळ्याच्या निवाऱ्याचे खरे काम आहे, हे त्यातून त्यांना उमगेल.