सायलेन्सर, शिसे आणि बालरोगतज्ज्ञ

मध्यंतरी टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या भाच्याने विचारले, ‘‘मामा, पॉइंट टू-टू रायफलीसाठी स्वस्त सायलेन्सर कोणता घेऊ?’’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला का, असे आपणांस वाटेल. त्याच्या घरी दीड वर्षाची मुलगी आहे.

रिमफायर काडतुसाची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते. बारागणिक शिसे व दारूची काजळी आतील चकत्यांवर साचते. म्हणून सायलेन्सर पूर्ण सुटा करता येणाराच हवा. चकत्या एकमेकींत बसणाऱ्या असाव्यात, म्हणजे काजळीने त्या बाहेरच्या नळीत अडकत नाहीत. ॲल्युमिनियम हलके व स्वस्त. पोलाद मात्र निर्धास्तपणे खरवडता येते, माझे मत पोलादालाच. किमतीचा भारही हलका झाला आहे : १९३४ पासूनचा २०० डॉलरांचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी कायम आहे.

खरा धोका साफसफाईत आहे. व्हिनेगर व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भाग बुडविण्याची रीत तिकडे प्रचलित आहे. त्यातून लेड ॲसिटेट तयार होते. पाण्यात विरघळणारे, चवीला गोड आणि विषारी! ॲल्युमिनियमही त्यात झिजते. बालकांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये संदर्भमूल्य डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणले.

भाच्याने पोलादी चकत्यांचा घेतला. तो गॅरेजमध्ये, हातमोजे घालून, ओल्या फडक्याने पुसतो; कपडे बदलल्यावरच मुलीला उचलतो. तिच्या रक्ताची तपासणी मी तरीही करविली.