गाडी तुमच्या नावावर, मग विम्याचा कागदही तुम्हीच वाचा

कुणी भाकरी थापत असेल, कुणी गोठ्यात असेल, तर हातातलं काम चालू ठेवा, नुसते कान इकडे द्या. आज आम्ही गाडीच्या विम्याबद्दल बोलणार आहोत. घरच्या मोटारसायकलच्या नाही. ज्या गाडीवर आपला धंदा चालतो तिच्या. दुधाचे कॅन नेणारा पिकअप, पापड-मसाल्याचे खोके घेऊन आठवडी बाजार गाठणारा छोटा हत्ती, भाजीची तीनचाकी, अशा गाड्या.

गेल्या काही वर्षांत आपल्या गटांमधून अशा गाड्या बऱ्याच निघाल्या. कर्ज गटातून किंवा बँकेतून, नाव बाईचं, चालवणार नवरा किंवा मुलगा. आम्ही बैठकीला जातो तेव्हा विचारतो, ताई, विमा आहे का? उत्तर येतं, आहे की, शोरूमवाल्यानं काढून दिलाय. कशाचा आहे, विचारलं की ताई घरात बघतात. मग कळतं की कागद गाडीच्या खणात आहे, गाडी भाड्याला गेलीय.

आता आमचं पहिलं म्हणणं ऐका. आरसी बुकावर ज्याचं नाव, तो कायद्याच्या नजरेत मालक. गाडी नवरा चालवत होता, व्यवहार दीर बघत होता, मी तर स्टेअरिंगला हातही लावला नाही, हे कोर्टात चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली एका निकालात साफ सांगितलं की नोंदणीवर नाव असलेला माणूसच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग त्यानं गाडी तोंडी विकलेली का असेना. म्हणजे तुमच्या टेम्पोनं रस्त्यावर कुणाचा जीव गेला, तर दाव्याची नोटीस तुमच्या नावानं येणार. मेलेला माणूस कमावता असेल, मागे लेकरं असतील, तर भरपाईचा आकडा लाखांत जातो. विमा असेल तर कंपनी भरते. नसेल तर तुमचं घर, तुमचा सातबारा.

म्हणूनच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यात कलम १४६ आहे, त्यात ही सक्ती लिहिली आहे. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडली तर दंड ४,०००. पण खरं सांगायचं तर दंडाची भीती कमीच. दंड भरून माणूस घरी येतो. अपघाताची भरपाई पिढीला पुरते.

थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. पहिली तुम्ही, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो, ज्याला तुमच्या गाडीमुळे इजा झाली. या विम्यातून तुमच्या स्वतःच्या गाडीचा पत्राही सरळ करून मिळत नाही. त्यासाठी वेगळा हप्ता भरून गाडीच्या नुकसानीचा भाग जोडावा लागतो. दोन्ही मिळून झालं की आपण त्याला फुल विमा म्हणतो. हा 'फुल' शब्द फसवा आहे बरं का, त्याच्याकडे पुढं येऊच.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात भाड्यानं माल वाहणाऱ्या, एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या चारचाकीला वर्षाला १६,०४९ रुपये होते, आणि मालाच्या तीनचाकीला ४,४९२. जीएसटी वेगळा. सरकार हे दर अधूनमधून बदलतं, तेव्हा कागद काढायच्या दिवशी चालू दर विचारून घ्या. यातून एक गोष्ट आपोआप कळते. चौकातला कुणी म्हणाला की ताई, पिकअपचा विमा सहा हजारांत करून देतो, तर तो स्वस्त देत नाहीये, खोटा कागद देतोय. किंवा मोटारसायकलचा कागद काढून त्यावर तुमचा नंबर चिकटवतोय. असे प्रकार पकडले गेले आहेत. खात्री करायची असेल तर मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर घाला, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. शाळेत जाणारी मुलगी दोन मिनिटांत बघून देईल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ही बायकांशीच जास्त निगडित आहे. टेम्पोच्या हौद्यात बसून जाणं. लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, खुरपणीला जाणाऱ्या बाया, गटाची सहल, सगळं आपण टेम्पोतून करतो. माल वाहायच्या गाडीत माणसं बसवली, फुकट बसवली किंवा भाडं घेऊन बसवली, तर त्यांचा विमा त्या कागदात नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ च्या अखेरीस एका निकालात हे स्पष्ट केलं, आणि तेव्हापासून कोर्टं हाच नियम धरून चालतात. मालाबरोबर जाणारी मालाची मालकीण किंवा तिनं पाठवलेला माणूस, एवढ्यांनाच यात जागा आहे, आणि तीही केबिनमध्ये. हमाल असतील तर कागदावर जेवढ्या कामगारांचा हप्ता भरलाय तेवढेच. समजा, वीस बाया हौद्यात बसून बाजारला निघाल्या आणि घाटात टेम्पो कलंडला. त्या वीसजणींच्या घरच्यांनी दावे केले, तर कंपनी हात वर करू शकते. मग भरणार कोण? आरसी बुकावर नाव असलेली बाई. जी बहुधा त्या वीसजणींच्याच गटातली असते.

आम्ही हे बोललो की कुणीतरी म्हणतंच, मग जायचं कशानं, एसटी तर दिवसातून दोनदा. प्रश्न खरा आहे. त्यावर आमच्याकडे सोपं उत्तर नाही. पण प्रवासी वाहतुकीची परवानगी असलेली गाडी वेगळी काढता येते. बचत गटांना प्रवासी गाडीसाठी बिनव्याजी कर्ज देणारी आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना केंद्रानं २०१७ मध्ये याचसाठी आणली होती. तुमच्या तालुक्यात सध्या ती चालू आहे का, ते उमेदच्या कार्यालयात विचारा.

याच्या उलटा प्रकारही बघतो. पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन घ्यायची, आणि तिच्यातून शाळेची मुलं किंवा डब्यांचे क्रेट न्यायचे. खासगी गाडीच्या विम्यात लिहिलेलं असतं की ही गाडी भाड्यानं वापरायची नाही. हप्ता कमी पडतो म्हणून लोक हे करतात. अपघात झाला आणि भाड्याची मुलं आत होती हे पंचनाम्यात आलं, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेलाच म्हणून समजा.

चालवणाऱ्याकडे वळू. लायसन्सबद्दल एक चांगली बातमी आहे. हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवू शकतो, त्याला वेगळा शिक्का लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं. या मुद्द्यावर कंपन्या वर्षानुवर्षं क्लेम अडवत होत्या. पण लायसन्स मुळात असायला हवं, आणि मुदतीत हवं. सतरा वर्षांच्या पोरानं नुसतं वळवायला म्हणून गाडी घेतली आणि कुणाला धडकली, तर कोर्ट कंपनीला आधी पैसे भरायला लावील, आणि मग ते तुमच्याकडून वसूल करायची मुभा कंपनीला देईल. पासिंगचंही तसंच. नवीन मालगाडीला पहिली दोन वर्षं बघावं लागत नाही, पुढं आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. पासिंग संपलेली गाडी म्हणजे कंपनीच्या हातात आयतं कारण.

आता एक बारीक गोष्ट, जी एजंट सांगत नाही. कागदावर 'मालक-चालक' असा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो गाडी चालवणाऱ्या मालकाचा. म्हणजे मालकीण तुम्ही, आणि लायसन्सही तुमच्याच नावाचं असेल तर. तुम्हाला गाडी येत नाही आणि नवरा चालवतो, तर त्या १५ लाखांचा तुम्हाला उपयोग नाही आणि त्यालाही नाही. शिवाय दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा माणूस मालकाच्याच जागी धरला जातो, थर्ड पार्टी म्हणून नाही, असं २०२० च्या एका निकालात आलं आहे. थोडक्यात, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला भरपाई मिळेल, आणि तुमच्या घरचा कर्ता मात्र कोरडा राहील. म्हणून विमा काढताना विचारा, "जो चालवणार आहे त्याचा अपघात विमा यात कुठं आहे, दाखवा." पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठी वेगळी थोडी रक्कम भरून जबाबदारी जोडता येते. घरचाच माणूस असेल तर त्याच्या नावानं वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. निदान वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तरी त्याच्या बँक खात्यातून चालू आहे का बघा, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. दोन लाखांनी माणूस परत येत नाही, पण टेम्पोचे हप्ते तरी तटत नाहीत.

'फुल' विम्याकडे येऊ. गाडीची किंमत दरवर्षी घटवून धरतात, पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पाचव्या वर्षाअखेर ५० टक्क्यांपर्यंत. कागदावर हा आकडा आयडीव्ही म्हणून छापलेला असतो. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर त्याच्यापुरतेच पैसे. हप्ता कमी करायला एजंट हा आकडा खाली आणतो, आणि आपण खूश होतो. बँकेचा बोजा चार लाखांचा आणि आयडीव्ही तीन लाखांचा असेल तर हिशेब तुम्हीच करा, कारण बोजा असलेल्या गाडीचे पैसे आधी बँकेकडे जातात.

पुढचं त्याहून बारीक. धंद्याच्या गाडीच्या साध्या फुल विम्यात दिवे, बंपर, मडगार्ड, टायर-ट्यूब, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंग यांचं नुकसान धरत नाहीत, गाडी पूर्ण मोडली तरच धरतात. आणि आपल्या टेम्पोला लागतं ते नेमकं तिथंच! हे भाग हवे असतील तर थोडा जास्त हप्ता भरून 'आयएमटी २३' नावाचं कलम जोडायला सांगा. हा आकडा चुलीशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. ते जोडलं तरी प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि रात्री नुसती स्टेपनी चोरीला गेली तर काहीच नाही.

आत भरलेला माल या विम्यात कधीच नसतो. दूध सांडलं, टोमॅटोचे क्रेट फुटले, त्याला माल वाहतुकीचा वेगळा विमा लागतो.

कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या बायांना २०१९ आणि २०२१ चा पूर आठवत असेल. पुराचं नुकसान फुल विम्यात धरलं जातं. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून बघायची नाही. इंजिनात पाणी जाऊन ते निकामी झालं की कंपनी म्हणते, हे पुरानं नाही, तुमच्या चावीनं झालं. गाडी आहे तिथं ठेवा, फोटो काढा, कंपनीला फोन करा.

अपघाताचंही तसंच. आधी जखमीला दवाखान्यात न्या, तो कायदाही आहे आणि माणुसकीही. मग पोलीस, मग कंपनीचा फोन, त्याच दिवशी. सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडी गॅरेजवाल्याला उघडू देऊ नका. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो.

जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींसाठी. नाव लावून घ्यायला तुम्ही आरटीओत जाता, तसंच १४ दिवसांत विमाही नावावर करून घ्या. थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर आपोआप येतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग जुन्या मालकाच्या नावावरच राहिला तर तुम्हाला एक रुपया मिळत नाही. नूतनीकरणाची तारीखही बँकेवर सोडू नका. पहिल्या वर्षी बँक मागे लागते, नंतर कुणी विचारत नाही. मुदत संपून ९० दिवस गेले की क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूटही जाते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या राज्यात त्यांची कार्यालयं मुंबईला, पुण्याला आणि ठाण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेला अर्ज चालतो, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं असतं. विमा नियामकाचा १५५२५५ हा फुकटचा नंबरही आहे.

येत्या मासिक बैठकीला ज्यांच्या नावावर गाडी आहे त्या सगळ्यांनी विम्याचा कागद घेऊन यायचा. झेरॉक्स नको, आणि मोबाइलवरचा फोटो तर नकोच, अक्षरं दिसत नाहीत. एकेकीचा कागद मोठ्यानं वाचू. जमलं तर एजंटलाही बोलवा, चहा आम्ही पाजू.