चाकांवरचे घर, तांब्यातले पाणी

अशोक विजयादशमी झाली, पाठोपाठ आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, की भिक्खू संघ चारिकेला निघतो. पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायचे आणि वाटा वाळल्या की चालू लागायचे, ही तथागतांच्या काळापासूनची रीत आहे. आपल्या वस्त्यांतही याच दिवसांत गाड्या सजतात. पंचशील ध्वज बांधला जातो, बाबासाहेबांची तसबीर पुढच्या काचेशी बसते आणि दीक्षाभूमीला वंदन करून गाडी पुढे सांची, सारनाथ, बुद्धगयेकडे वळते.

परदेशात अशा लांबच्या प्रवासासाठी ‘मोटारहोम’ असते. गाडीतच बिछाना, चूल आणि पाण्याची टाकी. दोनचार माणसांचे कुटुंब त्यात बसून महिनाभर भटकते. ती गाडी आपल्याला कुठली परवडायची? पण आपल्या कष्टकरी माणसांनी आपल्यापुरते चाकांवरचे घर केव्हाच उभे केले आहे. एक भाड्याची बस आणि तिच्यामागे सामानाचा टेंपो. टेंपोत शिधा, पातेली, शेगड्या, पाण्याची पिंपे, सतरंज्या आणि ताडपत्री. आमच्या विहाराच्या दोन यात्रांचा हिशेब माझ्याकडे होता. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

“मी तर कढईच बघितली!”

पहिल्या यात्रेत आम्ही त्रेचाळीस जण होतो आणि सतरा दिवसांचा प्रवास होता. आचारी परवडत नाही म्हणून ‘आपल्या बायका करतील की’ असे बैठकीत सहज ठरले. ठरवणारे आम्ही सगळे पुरुष. पहाटे तीनला शेगड्या पेटायच्या. चहा, नाश्ता, दुपारची भाजीभाकरी, रात्रीची खिचडी. गाडी थांबली की पुरुष पाय मोकळे करायला जायचे आणि बायका टेंपोकडे.

सारनाथला धामेक स्तूपासमोर वंदना झाली. १९३१ साली उभारलेले मूलगंधकुटी विहार आम्ही पाहिले, माहिती ऐकली आणि फोटो काढले. परतलो तेव्हा एक वहिनी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, सारनाथ कसं आहे हो? मी तर कढईच बघितली!”

त्या हसत बोलल्या, पण ते वाक्य माझ्या हिशेबाच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसेना. त्यांनीही वर्षभर पैसे भरले होते. चार घरची धुणीभांडी करून साठवलेले पैसे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आणि घर चाकांवर आले तरी चूल बाईच्याच गळ्यात!

दुसऱ्या यात्रेत पाळ्या लावल्या. सहा जणांची एक तुकडी, त्यात तीन पुरुष असलेच पाहिजेत. भांडी घासण्याचे काम फक्त पुरुषांकडे. पहिल्या दिवशी भात करपला आणि दुसऱ्या दिवशी आमटी खारट झाली. कुरकुरही झाली. एका काकांनी “मी पैसे भरले ते भांडी घासायला काय?” असे विचारले. तेव्हा त्यांच्याच पत्नीने शांतपणे सांगितले, “मागच्या वेळी मीही भरले होते.” त्यानंतर काका रोज सर्वांत आधी राखेचा डबा घेऊन बसत. वहिनींनी या वेळी सारनाथ पाहिले आणि स्तूपाला तीन फेऱ्या घातल्या.

आजींचा तांब्या

आमच्या गाडीत सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांच्या मांडीवर सदैव पितळेचा फिरकीचा तांब्या असायचा. गाडीत पिंपभर पाणी होते, बाटल्याही होत्या, पण तांब्या सुटेना. पोरांनी थट्टा केली तेव्हा त्या म्हणाल्या, “लहानपणी आईसंगं गावोगाव जायचो. वरनं ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायचं, तेबी कुणाला दया आली तर. तवापासून पाणी जवळ असलं की जीव खाली बसतो बाबा.”

गाडीत शांतता पसरली. मग मी मुलांना बाबासाहेबांच्या लहानपणचा प्रवास सांगितला. १९०१ साली ते घरातल्या मुलांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरले, पण जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे असे ठरले. जेवण बरोबर होते, पण पाणी कुणी देईना. अन्न असून मुले उपाशी झोपली. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीसाठी गेले तेव्हाही राहायला जागा मिळाली नाही. पारशी खाणावळीतून त्यांना बाहेर पडावे लागले.

म्हणून आपली चूल आणि आपले पाणी बरोबर घेऊन निघणे आपल्याला नुसते काटकसरीचे वाटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना मिळाला नाही तो निर्धास्त प्रवास त्यात आहे. परतीच्या वाटेवर एका ढाब्याबाहेर एका ट्रकचा क्लीनर तहानलेला दिसला, तेव्हा आजींनी त्याचे नाव-गाव न विचारता तांब्या पुढे केला. माझ्या मते धम्माचे प्रवचन त्यात पूर्ण झाले.

ज्या घरी गेलो, त्या घराच्या किल्ल्या

बुद्धगयेला बोधिवृक्षाखाली बसल्यावर डोळे भरून येतात. पण मुलांना तिथला कायदाही सांगा. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना आहे. महाविहार बौद्धांच्या हाती द्यावे, यासाठी फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खूंनी आंदोलन सुरू केले. वंदना करून फोटो काढला आणि परतलो, एवढ्यावर आपली यात्रा संपू नये.

निघण्यापूर्वी

दिवस : दसरा ते दिवाळी हा काळ बरा. पाऊस ओसरलेला असतो, कडाका आणि धुके अजून दूर असते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा असते. त्या आठवड्यात बिहारचे रस्ते तुडुंब असतात, तो टाळावा.

रस्ता : जून २०२५ पासून आमणे ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला आहे. सरळ रस्त्यावर चालकाला डुलकी लागते. दोन चालक हवेतच आणि रात्री बारानंतर गाडी उभी.

आग : शेगडी बसमध्ये कधीही पेटवू नये. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात गॅसमुळे आग लागून ९ जण दगावले. गाडीपासून लांब, मोकळ्या जागीच चूल मांडावी.

कागद : लुंबिनी नेपाळमध्ये आहे. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा, केवळ आधार कार्डावर विसंबू नका. गाडीचा परवाना आणि शुल्क सीमेवर भरावे लागते.

पैसा : दहा महिने आधी दरमहा वर्गणी सुरू करा. गाडीभाडे, टोल व कर, चालकांचा भत्ता, शिधा, निवास, औषधे असे वेगळे रकाने करा आणि एकूण रकमेचा दहावा भाग राखीव ठेवा. परतल्यावर पहिल्याच रविवारी विहारात सर्वांसमोर हिशेब वाचा. एक रुपया उरला तरी तो सांगा.

आणि पाळीचा तक्ता? तो वर्गणीच्या पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. घर चाकांवर असो की चाळीत, ते सगळ्यांनी मिळून ओढले तरच पुढे जाते.

जय भीम!