पाच फुटांवरून सोळा इंचांवर

जमीन जितकी खोल गोठते, त्याच्याही खाली पाया न्यायचा, हा थंड मुलखातला जुना दंडक. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर भागात ही खोली पाच फूट धरतात. लहानशा बैठ्या घरालाही तेवढं खणणं आलंच.

जमीन नेमकी का फुगते, हे स्टीफन टेबर यांनी १९२९-३० मध्ये दाखवलं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, म्हणून घर उचललं जातं, असा सर्वांचा समज होता. टेबर यांनी पाण्याऐवजी गोठताना आकसणारं बेंझीन मातीत मुरवलं, आणि तरीही माती वर उचलली गेली! बारीक पोताची माती खालचं पाणी वर ओढत राहते, ते थंडीच्या सीमेवर गोठतं आणि बर्फाचे पापुद्रे एकावर एक चढत जातात. म्हणजे ओढणारी माती, पाणी आणि गारठा यांपैकी एक जरी तोडलं, तरी पाया सुरक्षित. माझ्या मते पुढची सगळी वाट या एका प्रयोगानं मोकळी केली.

फ्रँक लॉइड राइट यांनी १९३७ साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या जेकब्स घरात पूर्ण तळघर टाळलं. खडीचे उथळ चर, त्यावर काँक्रीटची स्लॅब आणि स्लॅबखाली तापवणाऱ्या नळ्या. खडी पाणी वर ओढत नाही.

मात्र गारठाच तोडणारा, उष्णतारोधक थराचा उथळ पाया घरोघरी नेला तो स्कँडिनेव्हियानं, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत. तिथेही ठेच लागलीच. स्वीडनमध्ये कित्येक वर्षं उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर घालत. स्लॅब थंड राही, जमिनीतली ओल वर चढे आणि फरशीखालच्या लाकडाला बुरशी येऊन घरभर कुबट वास सुटे. थर स्लॅबखाली गेला तेव्हा काँक्रीट उबदार आणि कोरडं राहू लागलं. नॉर्वेनं १९७० च्या दशकात गोठत्या जमिनीवर मोठं संशोधन करून त्याचे आडाखे छापले.

अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत हा उथळ पाया १९९५ मध्ये शिरला, २००१ मध्ये त्याचं स्वतंत्र मानकही आलं. आता कडाक्याच्या थंडीतही सोळा इंच खोली पुरते. पायाच्या कडेला दाट फोमची उभी पाटी लावायची आणि जमिनीखाली बाहेरच्या बाजूला आडवी पाटी पसरायची, म्हणजे घराची आणि भूगर्भाची ऊब निसटत नाही. कोपऱ्यांत गारठा दोन्हीकडून शिरतो, म्हणून तिथे पाटी अधिक जाड आणि रुंद. घर हिवाळ्यात बंद राहणार असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही. मग अख्ख्या स्लॅबखालून थर न्यावा लागतो.